मूल नात्यातलं, पासपोर्ट अमेरिकेचा: परदेशातून दत्तक घेताना गाडी अडते कुठे?

जुलै २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालाने अनेकांना चक्रावून टाकलं. एका भारतीय जोडप्याला आपल्या नातेवाइकांचा मुलगा दत्तक घ्यायचा होता. मुलगा अमेरिकेत जन्मलेला, त्यामुळे जन्मानेच अमेरिकेचा नागरिक. काही महिन्यांचा असतानाच या जोडप्याने त्याला भारतात आणलं आणि तो त्यांच्याच घरी वाढू लागला. भांडण दोन कुटुंबांमधलं नव्हतंच. अडचण होती ती कायद्याची. न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की अमेरिकेचं नागरिकत्व असलेलं मूल दत्तक घेण्याचा मूलभूत हक्क भारतीय नागरिकाला नाही, मग ते नात्यातलं का असेना. हवं असेल तर आधी अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे तिथे दत्तक घ्या आणि मग मूल भारतात आणण्याची पुढची प्रक्रिया करा.

बातमी वाचून कुणाच्याही मनात पहिलं हेच येईल की घरचं मूल घरातच राहतंय, तर सरकारच्या पोटात का दुखावं? आपल्याकडे मोठ्या भावाचा मुलगा धाकट्याला देणं, निपुत्रिक मावशीने भाची वाढवणं यात नवल असं काही नाही. गावोगावी अशी उदाहरणं आहेत आणि त्यातल्या निम्म्यांना तरी कागद नसेल. पण मूल आणि पालक यांच्या मध्ये देशाची सीमा आली की हाच व्यवहार एकदम वेगळ्या खात्यात जातो. तो का जातो आणि कसा जातो, ते पायापासून पाहू.

दत्तकाचे दोन रस्ते

भारतात दत्तक घेण्याचे मुख्य कायदे दोन. पहिला १९५६चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना तो लागू होतो. त्यात मूल देणारे आणि घेणारे समोरासमोर असतात, प्रत्यक्ष देण्याघेण्याचा विधी होतो, दत्तकपत्राची नोंदणी केली की कागद पक्का. मूल साधारणपणे १५ वर्षांच्या आतलं हवं, आणि घरात आधीच मुलगा असेल तर दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही. मुलीच्या बाबतीतही तसंच.

दुसरा रस्ता बाल न्याय कायद्याचा, म्हणजे २०१५च्या कायद्याचा. कोणत्याही धर्माच्या माणसाला तो खुला आहे. अनाथ, टाकून दिलेली किंवा आईवडिलांनी कायदेशीररीत्या सोडलेली मुलं याच रस्त्याने दत्तक जातात. नात्यातल्या दत्तकाचीही सोय त्यात आहे, पण नातेवाईक कोण हे कायद्याने मोजून सांगितलंय: काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. चुलतभाऊ, मामेबहीण ही नाती त्या यादीत बसत नाहीत, मग तुमची गट्टी कितीही असो. या सगळ्यावर देखरेख करणारी केंद्राची संस्था म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण. सगळे तिला नुसतं ‘कारा’ म्हणतात, आपणही तसंच म्हणू.

यातली मेख अशी की सीमापार जाणारं प्रत्येक दत्तक कारामार्फतच व्हावं लागतं. आणि बाल न्याय कायदा मुळात बेतलेला आहे तो काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या, किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांसाठी. आईबाप हयात असलेला, सुखवस्तू घरातला, अमेरिकेचा पासपोर्ट असलेला मुलगा यात कुठेच बसत नाही. उच्च न्यायालयाने बोट ठेवलं ते नेमकं इथेच.

माझ्या मते निकाल कायद्याला धरून आहे, पण कायद्यात भोक आहे हेही तितकंच खरं. ज्यांच्या घरात पोर काही महिन्यांचं असल्यापासून वाढलं, त्यांना ‘परत अमेरिकेला जा आणि तिथून सुरुवात करा’ असं सांगणं म्हणजे जवळजवळ रस्ता बंद केल्यासारखं. अमेरिकेत दत्तकाचे कायदे राज्यागणिक वेगळे आणि बऱ्याच राज्यांत अर्जदाराने तिथे राहिलेलं असणं अपेक्षित असतं.

परवानगी एकाची नाही, तिघांची

देशातल्या देशात दत्तक घेताना एकाच सरकारशी गाठ असते. सीमा ओलांडली की तीन वेगळ्या प्रश्नांना तीन वेगळ्या ठिकाणी उत्तर मिळवावं लागतं. हे मूल दत्तक द्यायला मोकळं आहे का, हे मुलाचा देश ठरवणार. हे पालक लायक आहेत का, हे पालक राहतात तो देश ठरवणार. आणि दत्तक झालेल्या मुलाला आपल्या देशात शिरू द्यायचं आणि नागरिक करायचं का, हे त्याच देशाचं इमिग्रेशन खातं ठरवणार. हा तिसरा प्रश्न पहिल्या दोघांपासून पूर्ण वेगळा असतो आणि लोकांची फसगत सगळ्यात जास्त इथेच होते.

मुलाची तुलना जमिनीशी करू नये, पण आपल्याकडे चटकन समजण्यासारखं उदाहरण तेवढंच आहे. खरेदीखत रजिस्टर झालं म्हणून सातबाऱ्यावर नाव लागलेलं नसतं. त्यासाठी फेरफार व्हावा लागतो, तलाठी, मंडळ अधिकारी अशी साखळी पार करावी लागते. दत्तकाचा आदेश म्हणजे खरेदीखत. त्याने तुम्ही आईबाप झालात. व्हिसा आणि नागरिकत्व हा फेरफार आहे, तो वेगळ्या कचेरीत, वेगळ्या नियमांनी होतो आणि तिथला अधिकारी खरेदीखत पाहूनही ‘नाही’ म्हणू शकतो.

हेग करार काय म्हणतो

ही तीन टोकं एकत्र बांधण्यासाठी २९ मे १९९३ रोजी नेदरलँड्समधल्या हेग शहरात एक आंतरराष्ट्रीय करार झाला. आज शंभरहून अधिक देश त्यात आहेत. भारताने तो २००३मध्ये मान्य केला. अमेरिकेत तो २००८पासून लागू आहे.

कराराचा गाभा असा: मुलाला आधी त्याच्या जन्मदात्यांकडे राहता येतंय का पाहा. नसेल तर त्याच्याच देशात घर शोधा. तेही जमलं नाही तरच परदेशाचा विचार करा. प्रत्येक देशात एक अधिकृत यंत्रणा असेल (भारतात कारा) आणि कागद त्या यंत्रणांमधूनच फिरतील. नातेवाईक सोडले तर दत्तक घेणाऱ्यांनी आणि जन्मदात्यांनी संमती होण्याआधी एकमेकांना भेटायचंच नाही. यातून कुणी अवाजवी पैसा कमवायचा नाही.

या कराराची तीन कलमं दत्तकाच्या फायलीत सारखी भेटतात, म्हणून एकदा लक्षात ठेवलेली बरी. कलम ५ म्हणजे पालकांच्या देशाने दिलेला निर्वाळा की हे लोक पात्र आहेत आणि मुलाला प्रवेश मिळेल. कलम १७ म्हणजे दोन्ही देशांची पुढे जायला संमती. कलम २३ म्हणजे शेवटचं प्रमाणपत्र की दत्तक कराराप्रमाणे झालं. ते हातात असलं की कराराच्या बाकी देशांना ते दत्तक मान्य करावं लागतं.

मग विमानात कधी बसायचं?

सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. ओळखीतून मूल कळतं, जीव गुंततो, तिकीट निघतं, मूल घरी येतं आणि मग वकील शोधला जातो. कागदाआधी मूल आलं की कागद जवळजवळ अशक्य होतो, कारण तोवर हे दत्तक ‘ठरवून’ झालेलं असतं आणि करार नेमकं तेच टाळायला सांगतो.

भारतीय नागरिकाला परदेशातलं मूल दत्तक घ्यायचं असेल तर काराच्या नियमांनुसार क्रम असा आहे. दत्तकाची प्रक्रिया आधी त्या देशात, तिथल्या कायद्याने पूर्ण व्हायला हवी. देश हेग करारातला असेल तर कारा कलम ५ आणि १७ची मान्यता देते, पण त्यासाठी तिच्यापुढे तीन अहवाल लागतात: तुमच्या घराची पाहणी, मुलाची माहिती आणि मुलाची वैद्यकीय तपासणी. गृहपाहणी म्हणजे कुणी येऊन भिंतींचा रंग बघून जात नाही. समाजसेवक पगारापासून पती-पत्नीच्या नात्यापर्यंत सगळं विचारतो, घरातल्या ज्येष्ठांना या निर्णयाबद्दल काय वाटतं तेही विचारतो. दत्तक झाल्यावरही मुलाचा पासपोर्ट परदेशीच असतो, म्हणून त्याला भारतात यायला त्या देशातल्या आपल्या वकिलातीकडून प्रवेश व्हिसा घ्यावा लागतो. वकिलात दत्तक नीट झालंय का ते तपासते आणि तिच्यामार्फत केंद्रीय गृह खात्याच्या परदेशी नागरिक विभागाची मंजुरी येते. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे नागरिकत्वाचा प्रश्न यानंतर निराळा सोडवावा लागतो.

प्रवासाचे नियमही प्रत्येक देशाचे स्वतःचे. बल्गेरियात दोन फेऱ्या ठरलेल्या: पहिल्यांदा जाऊन मुलाबरोबर काही दिवस घालवायचे, परत यायचं आणि न्यायालयाचा निर्णय झाला की पुन्हा जाऊन मूल आणायचं. कोलंबियात निकाल होईपर्यंत काही आठवडे तिथेच मुक्काम असतो. मलावीच्या कायद्यात दत्तक घेणारा देशाचा रहिवासी असावा असं होतं. गायिका मॅडोनाने २००६मध्ये तिथला मुलगा घेतला तेव्हा यावरूनच जगभर गदारोळ झाला, अंतिम दत्तकाला २००८ उजाडलं. दुसऱ्या मुलीच्या वेळी, २००९मध्ये, खालच्या न्यायालयाने चक्क नकार दिला आणि वरच्या न्यायालयाने तो फिरवला. मॅडोनाकडे वकिलांची फौज होती. आपल्याकडे ती नसते.

आणि बऱ्याच मुस्लिम देशांच्या कायद्यात आपल्या अर्थाने दत्तक नाहीच. तिथे ‘कफाला’ असते, म्हणजे मुलाचा सांभाळ करायचा, पण त्याचं कूळ आणि वारसा बदलायचा नाही. अशा ठिकाणाहून मूल ‘दत्तक’ म्हणून आणण्याचा प्रयत्न पहिल्याच पायरीवर अडतो.

“इथे रांग मोठी आहे, बाहेरून लवकर मिळेल ना?”

रांग मोठी आहे यात शंका नाही. निरोगी तान्ह्या बाळासाठी काराच्या यादीत जोडपी तीन-साडेतीन वर्षं थांबतात. २०२४-२५मध्ये कारामार्फत ४,५१५ मुलं दत्तक गेली, हा गेल्या काही वर्षांतला उच्चांक होता. इच्छुक पालक मात्र तीस हजारांच्या वर आहेत.

पण बाहेरचं दार भराभर बंद होत चाललंय. अमेरिकेत २००४मध्ये परदेशातून सुमारे २३,००० मुलं दत्तक आली होती. २०२३मध्ये आली १,२७५. रोमानिया, ग्वाटेमाला, इथिओपिया यांनी दारं लावून घेतली. रशियाने २०१२च्या अखेरीस कायदा करून अमेरिकी पालकांना मनाई केली. चीनने १९९२पासून दीड लाखाहून जास्त मुलं बाहेर दिली होती, त्यातली निम्म्याहून अधिक अमेरिकेत गेली. सप्टेंबर २०२४मध्ये चीनने रक्ताच्या जवळच्या नात्यातली आणि सावत्र मुलं वगळता सगळं थांबवलं. ज्यांना मुलाचा फोटो मिळाला होता, ज्यांनी खोली रंगवून ठेवली होती, असे पालकही अधांतरी राहिले. तेव्हा ‘बाहेरून पटकन’ असं सांगणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

अमेरिकेतल्या दादा-वहिनींना गावाकडची पुतणी हवी असेल तर?

मराठी घरांत हा प्रसंग जास्त येतो. दादा न्यू जर्सीला, मूलबाळ नाही. धाकट्या भावाला तीन मुली. ‘एक आम्हाला दे’ हे बोलणं गणपतीत होतं आणि दोन दिवसांत दत्तकपत्राचा मसुदाही तयार.

भारताच्या बाजूने हे शक्य आहे. दादा मुलीचा सख्खा काका, म्हणजे कायद्याच्या यादीतला नातेवाईक. बाल न्याय कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आणि काराचं ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन काम होऊ शकतं. हिंदू कायद्याने दत्तकपत्र केलं तरी मुलगी हेग देशात जाणार असेल तर काराचा कागद लागतोच. २०२१मध्ये त्यासाठी वेगळे नियम झाले आणि पडताळणी जिल्हाधिकाऱ्यांकडे आली.

अडतं ते अमेरिकेत. मुलीचे दोन्ही जन्मदाते हयात असतील तर ते तिचा नीट सांभाळ करायला असमर्थ आहेत असं अमेरिकी इमिग्रेशन कायद्याला दिसावं लागतं. इथला धाकटा भाऊ शिक्षक आहे, घर स्वतःचं आहे, बाकीच्या दोन मुली शाळेत पहिल्या येतात. असमर्थता दाखवणार कशी? बहुतेक फायली इथेच आपटतात. शिवाय अर्ज मुलीला १६ वर्षं पूर्ण होण्याआधी हवा. दुसरी एक वाट अशी आहे की मुलगी दत्तक पालकांच्या कायदेशीर ताब्यात आणि त्यांच्याबरोबर दोन वर्षं राहिलेली असावी, पण त्यासाठी दादाला किंवा वहिनीला भारतात येऊन राहावं लागतं. नोकरी सोडून दोन वर्षं कोण येणार!

म्हणून अशा घरांनी दत्तकपत्र नोंदवण्याआधी अमेरिकेतल्या इमिग्रेशन वकिलाला गाठावं. इथे दत्तकपत्र झालं, मुलगी कायद्याने दादाची झाली, व्हिसा मात्र मिळाला नाही, तर तिच्या दाखल्यावर न्यू जर्सीचे आईबाप आणि ती राहते नाशकात, असा विचित्र पेच तयार होतो. हिंदू कायद्यात एकदा झालेलं दत्तक मागे घेता येत नाही.

आपली मुलं बाहेर पाठवायचीच कशाला?

हा आक्षेपही नेहमीचा. उत्तर आकड्यांतच आहे: २०२४-२५च्या त्या ४,५१५पैकी ४,१५५ मुलं देशातच राहिली. बाहेर गेली ती साडेतीनशेच्या आसपास.

कायद्याने आधी भारतीय कुटुंबांची पाळी असते, अनिवासी भारतीयांनाही त्यांच्याच बरोबरीने धरतात. मूल दत्तकासाठी मोकळं झाल्यापासून ठरावीक मुदतीत इथे घर मिळालं नाही तरच परदेशी पालकांचा विचार होतो. घर मिळत नाही ते कुणाला, हे सांगायला नको. हृदयाची शस्त्रक्रिया झालेलं बाळ, ऐकू न येणारी चार वर्षांची मुलगी, एकमेकांना न सोडणारी तीन भावंडं, सात-आठ वर्षांचा मुलगा. आपल्या लोकांना ‘गोरं, निरोगी, सहा महिन्यांच्या आतलं’ हवं असतं आणि दत्तक संस्थांमधल्या कार्यकर्त्या हे सांगताना आता चिडतही नाहीत. कायद्यानेच अपंग मुलं, भावंडं आणि पाच वर्षांवरची मुलं यांना परदेशी दत्तकासाठी प्राधान्य देण्याची मुभा ठेवली आहे.

मूल ‘मोकळं’ होण्यालाही पायऱ्या आहेत. आईने बाळ सोपवलं असेल तर तिला विचार बदलायला ६० दिवस मिळतात. बाळ कुठे सापडलं असेल तर पोलीस, वर्तमानपत्रातली जाहिरात असा आईबापांचा शोध घ्यावा लागतो आणि मग जिल्ह्याची बालकल्याण समिती ते मोकळं असल्याचं जाहीर करते.

परदेशी पालक शेवटी स्वतः भारतात येऊन मूल नेतात, तसा नियमच आहे. त्याआधीच्या महिन्यांत ते फोटोंचा अल्बम पाठवतात. आई, बाबा, घर, कुत्रा, मुलाची खोली, दारासमोरचा बर्फ. संस्थेतल्या ताई तो रोज मुलासमोर धरतात. पाच-सहा वर्षांचं पोर असेल तर ते अल्बममधल्या कुत्र्याचं नाव पाठ करतं आणि बर्फाला हात लावून ‘हे मीठ आहे का’ विचारतं. पालकांनी मोबाईलवरून ‘भूक लागली का’, ‘शू आली का’ एवढं मराठी शिकून ठेवलेलं असतं आणि पहिल्या आठवड्यात ते फार कामाला येतं, कारण हॉटेलातलं काहीही पुढे केलं तरी पोर वरणभातच मागतं.

गेल्यावर संबंध तुटत नाही. तिथल्या संस्थेने पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी मुलाचा अहवाल पाठवायचा असतो. जमलंच नाही तर मुलाला परत पाठवण्याचीही तरतूद आहे.

पुण्यात ससून रुग्णालयाच्या आवारातल्या ‘श्रीवत्स’ या बालगृहातून १९७९मध्ये तीन आठवड्यांची एक मुलगी अशीच परदेशी राहणाऱ्या कुटुंबात गेली. वडील मूळचे मुंबईचे. ती पुढे ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झाली, लिसा स्थळेकर. अर्थात सगळ्यांचं असं होत नाही आणि व्हावं अशी अपेक्षाही नको.

एवढा संशय कशासाठी?

इतिहास वाचला की संशय कमीच वाटतो. १९८२मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. परदेशी दत्तकाच्या नावाखाली भारतीय मुलांचे हाल होतात, लांबच्या प्रवासात तान्ह्या बाळांचा जीव धोक्यात येतो, काही संस्था गैरप्रकार करतात, असं त्यात होतं. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानलं आणि फेब्रुवारी १९८४मध्ये न्या. पी. एन. भगवती यांनी निकाल दिला. आजच्या नियमांचा पाया तोच. कारा १९९०मध्ये आली, ती त्याच धाग्यातून.

बाहेरची उदाहरणं याहून भयानक. २००७मध्ये आफ्रिकेतल्या चाड देशात एका फ्रेंच संस्थेच्या लोकांना अटक झाली. शेजारच्या सुदानमधल्या डार्फर प्रांताच्या युद्धातले अनाथ म्हणून ते १०३ मुलं विमानाने फ्रान्सला नेणार होते. त्यातल्या बहुतेकांचे आईबाप किंवा सांभाळणारे जिवंत होते आणि मुलं डार्फरची नव्हे, चाडचीच होती. जानेवारी २०१०मध्ये हैतीत भूकंप झाला. काही दिवसांतच दहा अमेरिकी नागरिक ३३ मुलांना कागदांशिवाय सीमेपलीकडे नेताना पकडले गेले. तिथेही कित्येकांचे आईबाप होते. हे सगळे लोक दुष्ट होते असं नाही, काहींना खरंच वाटत होतं की आपण पुण्य करतोय. म्हणूनच आपत्तीनंतर ‘तिथली अनाथ मुलं दत्तक घेऊ’ असे व्हॉट्सअॅप संदेश फिरू लागले की मला धडकी भरते. अशा वेळी मूल अनाथ आहे की नुसतं चुकलंय, हे कळायलाच महिने लागतात.

दक्षिण कोरियाने १९५३च्या युद्धविरामानंतर काही दशकांत सुमारे दोन लाख मुलं परदेशी दिली, असा अंदाज आहे. मार्च २०२५मध्ये तिथल्या सत्यशोधन आयोगाने मान्य केलं की आईबाप असलेल्या मुलांना कागदोपत्री अनाथ ठरवलं गेलं, एका मुलाच्या जागी दुसरं पाठवलं गेलं आणि सरकारने डोळेझाक केली. नेदरलँड्सने २०२१मध्ये स्वतःच्याच चौकशीनंतर परदेशी दत्तक थांबवलं. त्या चौकशीत बांगलादेश, श्रीलंका, इंडोनेशिया, ब्राझील आणि कोलंबिया या देशांमधले गैरप्रकार पुढे आले होते. महाराष्ट्रही यातून सुटलेला नाही. पुण्यातल्या एका संस्थेच्या दत्तक व्यवहारांची सीबीआय चौकशी झालेली आहे.

पण उशिराने पोरांचंच नुकसान होतं, त्याचं काय?

होतं. हा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. फाईल टेबलावर पडून राहिली तरी मूल वाढतच असतं. दोन वर्षांचं पोर चारचं झालं की त्याला घर मिळण्याची शक्यता कमी होते आणि संस्थेतली दोन वर्षं भरून निघत नाहीत. यावर उपाय म्हणून कायद्यात बदल झाला आणि १ सप्टेंबर २०२२पासून दत्तकाचे आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देऊ लागले. चांगला जिल्हाधिकारी असेल तर काम झपाट्याने होतं. नसेल तर दत्तकाची फाईल वाळूउपसा, निवडणूक आणि पूर यांच्या खाली जाते. माझ्या मते कागद कमी करण्यापेक्षा कागद हलवणारी माणसं वाढवायला हवीत. बालकल्याण समित्यांची पदं रिकामी ठेवून नियमांना दोष देण्यात अर्थ नाही. आणि नियमाला बगल देऊन मूल दिलं-घेतलं तर बाल न्याय कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही आहे, हेही माहीत असलेलं बरं.

शेवटचा कागद विसरला तर

मूल घरी आलं, पेढे वाटले, शाळेत नाव घातलं, की लोकांना वाटतं झालं सगळं. परदेशात राहणाऱ्या मराठी पालकांनी इथे जरा थांबावं. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची मूळ प्रत, कलम २३चं प्रमाणपत्र, दत्तक पालकांच्या नावाचा नवा जन्मदाखला आणि मुलाचा पहिला भारतीय पासपोर्ट हे सगळं एका जागी ठेवावं आणि नागरिकत्वाचं प्रमाणपत्र वेगळं मागून घ्यावं. नुसत्या पासपोर्टवर भागतं असं समजून बरेच जण ते काढत नाहीत.

अमेरिकेत आज १८ वर्षांखालचं मूल योग्य व्हिसावर, अंतिम दत्तक होऊन देशात शिरलं की आपोआप नागरिक होतं. पण हा कायदा २७ फेब्रुवारी २००१ रोजी लागू झाला. त्याआधी पालकांनी वेगळा अर्ज करावा लागायचा आणि अनेकांनी तो केलाच नाही. अशी मुलं मोठी झाली, नोकऱ्या केल्या, कर भरले आणि एखाद्या गुन्ह्यात अडकल्यावर त्यांना कळलं की आपण नागरिकच नाही. काहींना जन्मदेशात परत पाठवलं गेलं, जिथली भाषा येत नाही आणि ओळखीचं कुणी नाही. त्यात भारतातून दत्तक गेलेल्याही आहेत. २००१च्या त्या दिवशी ज्यांची १८ वर्षं पूर्ण झालेली होती त्यांना नवा कायदा लागूच होत नाही. ती चूक दुरुस्त करणारी विधेयकं अमेरिकी काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा मांडली गेली आणि दर वेळी अडकून पडली.